दाब उतरवू नका

अँबू दाबणाऱ्याच्या हातावर मॅडम आधी आपला हात ठेवायच्या आणि मग ओरडायच्या. अँबू म्हणजे श्वास थांबलेल्या माणसाच्या छातीत हवा भरायची रबरी पिशवी. ती कुणी घाईघाईनं दाबायला लागलं की मॅडमचा हात त्या हातावर यायचा, त्याला धीमं करायचा, आणि मग कानाशी आवाज यायचा, "मेंदूला विचारलं का?"

त्या आमच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होत्या. नगर-पुणे रस्त्यावर, सुप्याच्या अलीकडे असलेल्या हॉस्पिटलात मी नर्स. छोट्या हॉस्पिटलात भूल देणारा माणूस फक्त भूल देत नाही, आयसीयूही त्याच्याच गळ्यात असतं. तसं ते मॅडमच्या गळ्यात होतं आणि त्यांनी ते दागिन्यासारखं मिरवलं नाही, घोरपडीसारखं धरून ठेवलं.

मी तिथं लागले त्याच आठवड्यात रस्त्यावरच्या अपघातातला एक कामगार आला. डोक्याला मार, शुद्ध नाही. अँब्युलन्सबरोबर आलेला माणूस अँबू असा दाबत होता, जणू टायरमध्ये हवा भरतोय. घामानं निथळत होता बिचारा. मॅडमनी हातावर हात ठेवला.

"पंक्चर काढतोयस का?"

"मॅडम, जास्त हवा दिली तर चांगलंच की."

"न्हाई चांगलं. त्याच्या मेंदूला विचारलं का तू?"

त्या मूळच्या जामखेडच्या. पेशंटच्या नातेवाइकांशी, पाहुण्यांशी अगदी पुस्तकी मराठी बोलायच्या. राग आला की जामखेड बाहेर यायचं. त्यामुळे आम्हाला थर्मामीटर लागत नसे. "नाही" चं "न्हाई" झालं की आम्ही ट्रे उचलून कामाला लागायचो.

त्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना उभं करून सांगितलं. आपण उच्छ्वासात जो कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्याला सगळे कचरा समजतात. पण मेंदूतल्या रक्तवाहिन्या त्याच्याकडे कान लावून बसलेल्या असतात. तो वाढला की त्या रुंद होतात, कमी झाला की आवळतात. भसाभस हवा भरली की तो सगळा उडून जातो, वाहिन्या आवळतात आणि मेंदूकडे जाणारं रक्त घटतं. बोटाला लावलेलं यंत्र ऑक्सिजन भरपूर दाखवतं, बाहेरचे खूश होतात, आणि आत मेंदू उपाशी. मेंदू सुजून अगदी कडेलोटाला आला असेल तर थोडा वेळ मुद्दाम असं करतातही. "पण ते कळून करायचं," त्या म्हणाल्या, "घाबरून न्हाई."

घाबरून केलेल्या गोष्टींचा त्यांना फार राग. आणि आळसानं केलेल्या गोष्टींचा त्याहून जास्त.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ऑफिसात, शाळेत, बँकेत एक तरी असतं. सगळे त्याला तापट म्हणतात. ते बरोबर बोलत होतं की चूक, हे कुणी बघत नाही. आमच्याकडेही तेच. "मॅडम, चिडू नका, बीपी वाढेल," असं स्वागतकक्षातल्या पोरीपासून मोठ्या सरांपर्यंत सगळे म्हणायचे. मोठे सर म्हणजे हॉस्पिटलचे मालक. मॅडमचं उत्तर ठरलेलं, "वाढू दे. तुमचं तर कधीच वाढत न्हाई, त्याचंच मला भ्या वाटतं."

मोठे सर हसायचे. ते कायम हसायचे. त्यांचं ते हसणं किती महागात पडतं ते मला पुढे दिसलं, पण ते नंतर.

एकदा दुपारी एक नवी सून आणली. लग्नाला वर्ष झालेलं नव्हतं. धापा टाकत होती, हाताची बोटं वाकडी होऊन चिमटीसारखी आवळलेली, डोळ्यांपुढे अंधारी, ओठांना मुंग्या. सासू मागून म्हणत होती, "सोंग हाय सगळं. माहेरी जायचंय तिला." ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरनं कार्डिओग्राम बघितला, ऑक्सिजन बघितला आणि मलाच हळूच म्हणाला, "नाटक आहे, सिस्टर. थोड्या वेळानं उठेल."

मॅडम पडद्यापलीकडे होत्या. त्या आल्या ते "न्हाई" घेऊनच.

"नाटक न्हाई. तिच्या मेंदूत आत्ता खरंच रक्त कमी पोचतंय. धापा टाकून टाकून हिच्या अंगातला कार्बन डायऑक्साइड गेला, म्हणून अंधारी आली, म्हणून बोटं वळली. बोटं अशी वळवून दाखव बरं तू, नाटक करून."

त्या डॉक्टरनं खरंच आपल्या बोटांकडे बघितलं.

मग मॅडम पलंगावर तिच्याशेजारी बसल्या. तिचा वळलेला हात मांडीवर घेतला. "माझ्याबरोबर सोड श्वास. घाई न्हाई. सोडायचा, सोडायचा, अजून सोडायचा." जिला अर्धा तास शांतपणे बोलताना आमच्यापैकी कुणी ऐकलं नव्हतं, ती बाई त्या पोरीबरोबर तास-दीड तास श्वास सोडत बसली. पोरीची बोटं हळूहळू उलगडली. सासूला त्यांनी बाहेर बाकावर बसवलं होतं. जाताना तिला एवढंच म्हणाल्या, "तिला धाप कशानं लागली, ते घरी गेल्यावर विचारा. मला नका सांगू." सासूला ते आवडलं नाही. तरुण डॉक्टरला तर मुळीच आवडलं नाही. त्यानं मोठ्या सरांकडे तक्रार केली की मॅडम चारचौघांत अपमान करतात.

अशा तक्रारी साठत गेल्या. गोड बोलणाऱ्यांच्या तक्रारी फार व्यवस्थित असतात.

मग भाऊसाहेब आले.

भाऊसाहेब एमआयडीसीत एका कारखान्यात मशीन ऑपरेटर. पन्नाशीचे, अंगानं धिप्पाड. गाव जवळच. त्यांचं ब्लडप्रेशर कित्येक वर्षं वाढलेलं होतं. कारखान्याच्या तपासणीत दरवेळी सांगायचे, ते दरवेळी थोडे दिवस गोळ्या घ्यायचे आणि बरं वाटलं की सोडून द्यायचे. हे आपल्याकडे घरोघरी आहे, त्यात भाऊसाहेब काही वेगळे नव्हते.

त्या दिवशी सकाळी दाढी करताना त्यांच्या उजव्या हातातून रेझर सुटला. बोलताना जीभ जड. बायको, मंदाताई, त्यांना गावातल्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मोटरसायकल पुतण्यानं चालवली, पण दवाखान्याच्या पायऱ्या भाऊसाहेब स्वतः चढले. हे लक्षात ठेवा. मंदाताईनं ते पुढे आम्हाला इतक्या वेळा सांगितलं की मला त्या पायऱ्या न बघता दिसतात.

गावातल्या डॉक्टरनं प्रेशर मोजलं. फार वर होतं. त्यानं कॅप्सूल फोडून जिभेखाली औषध सोडलं. थोड्या वेळानं पुन्हा मोजलं, अजून एक दिलं. प्रेशर झरझर उतरलं, अगदी तुमच्याआमच्यासारखं झालं. तो समाधानानं म्हणाला, "आता नॉर्मल झालं बघा." आणि भाऊसाहेबांचा उजवा हात पडला. मग पाय. मग शब्द गेले.

मग त्यानं आमच्याकडे पाठवलं. पेशंट तो आमच्याकडेच पाठवायचा. पंचक्रोशीत त्याच्याइतके पेशंट कुणी पाठवत नसे, आणि मोठे सर दिवाळीला त्याच्या घरी स्वतः जायचे.

चिठ्ठीवर औषध लिहिलेलं होतं. मॅडमनी ते वाचलं, मला परत वाचायला दिलं, म्हणजे आपल्या डोळ्यांवर त्यांचा विश्वास बसेना. मग कामाला लागल्या. पलंगाची डोक्याकडची बाजू सपाट केली, सलाईन सुरू केलं, उतरलेलं प्रेशर सावकाश वर आणलं आणि नगरला स्कॅनसाठी पाठवायची व्यवस्था करत फोनवर स्वतः बोलल्या. रक्तवाहिनीत गुठळी निघाली. ती विरघळवायची वेळ तोवर गेली होती.

भाऊसाहेब परत आमच्या आयसीयूत आले. त्या संध्याकाळी मॅडम चहा न पिता कप हातात धरून माझ्याशी बोलल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"मेंदू स्वतःचं रक्त स्वतः राखतो, सिस्टर. वरून दाब वाढला तर वाहिन्या आवळतो, कमी झाला तर सैल करतो. धार सारखी ठेवतो. पण त्यालाही हद्द असते. ह्या माणसाच्या मेंदूनं इतकी वर्षं चढ्या दाबात संसार केला. त्याची हद्दच वर सरकलेली. तुमचं-आमचं नॉर्मल त्याला दुष्काळ आहे. त्यात एक वाहिनी गुठळीनं बंद. त्या भागाला आजूबाजूनं जे काही थोडं पोचत होतं, ते ह्या दाबाच्या जोरावर. आणि त्या डॉक्टरनं तो जोरच काढून घेतला. आकडा बघितला, माणूस न्हाई बघितला."

"सगळा दोष त्या औषधाचा आहे का, मॅडम?"

"सगळा न्हाई. किती, ते कुणीच सांगू शकत न्हाई. अर्धांगाचा झटका तर आलाच होता. पण ते जिभेखालचं औषध अशा वेळी द्यायचं नसतं, हे सांगून सांगून पिढी गेली. ज्याला आत रक्तस्राव आहे त्याचाही दाब उतरवायचा तर लगाम हातात धरून उतरवतात. आणि आधी स्कॅन. ह्याला काय घाई हुती?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम त्या डॉक्टरच्या दवाखान्यात गेल्या. एकट्या, आपली गाडी घेऊन. तिथं काय झालं ते मला त्याच्या कंपाउंडरकडून कळलं. पेशंट बसलेले असताना त्या आत गेल्या, दार लावून घेतलं. तो म्हणाला, "मॅडम, लोकांना प्रेशर लगेच उतरलेलं बघायचं असतं. नाही उतरवलं तर दुसरीकडे जातात." त्यावर मॅडम म्हणाल्या, "जाऊ द्या की. चालत तरी जातील." एवढंच. बाहेर आल्या आणि गाडीत बसल्या. पण दाराआडचं बोलणं गावात पसरायला किती वेळ लागतो?

तिसऱ्या दिवशी मोठ्या सरांनी केबिनमध्ये बोलावलं. आयसीयूचा चार्ज माझ्याकडे, म्हणून मलाही. तो डॉक्टर सोफ्यावर बसला होता. पेढ्यांचा बॉक्स समोर होता, कशाचे पेढे होते देव जाणे. मोठे सर हसून म्हणाले, "हे बघा, आपण सगळे एका कुटुंबातले. मॅडम, तुमचं ज्ञान मोठं आहे. पण सांगायची एक पद्धत असते. तुम्ही एकदा सॉरी म्हणा, विषय संपला."

आजही हे लिहिताना माझ्या कानशिलाची शीर उडते. खाली एक माणूस "पाणी" म्हणायला धडपडत होता आणि त्याच्या तोंडून नुसता "प, प" येत होता. आणि वर केबिनमध्ये प्रश्न होता तो पद्धतीचा. त्या सोफ्यावरच्या माणसानं एकदाही विचारलं नाही, भाऊसाहेब कसे आहेत. एकदाही. मोठ्या सरांनीही नाही. सुशिक्षित, स्वच्छ, इस्त्रीच्या शर्टातली माणसं. मी आजवर दारू पिऊन आयसीयूत धिंगाणा घालणारे पाहिलेत, त्यांचा मला इतका राग आला नाही.

मॅडम उभ्याच होत्या. "माफी मागायलाच पाहिजे," त्या म्हणाल्या. मोठ्या सरांचा चेहरा खुलला. "चला सिस्टर," असं म्हणून त्या वळल्या आणि जिना उतरून सरळ आयसीयूबाहेरच्या बाकापाशी गेल्या. तिथं मंदाताई बसली होती.

मॅडम तिच्याशेजारी बसल्या. मोठे सर जिन्यात थबकले होते, ते मला दिसत होते.

"ताई, तुमच्या वावरात विहीर आहे का?"

"हाय."

"टेकाडावर जमीन?"

"हाय थोडी. तिथवर मोटरनं पानी चढवतो."

"मोटरचा जोर एकदम कमी झाला तर आधी काय सुकतं?"

"टेकाड." मंदाताई त्यांच्याकडे बघायला लागली.

मग मॅडमनी सांगितलं. भाऊसाहेबांच्या मेंदूतला एक तुकडा टेकाडावर होता, तिथं जोरानंच रक्त पोचत होतं, आणि आम्ही डॉक्टर लोकांनी तो जोर काढून घेतला. झटका आम्ही आणला नाही. पण झटका आल्यावर जे करायला नको होतं ते केलं गेलं. त्यानं नुकसान वाढलं असणार. किती वाढलं ते मला सांगता येणार नाही. "आमच्यातल्या माणसाची चूक झाली. त्याच्या वतीनं मी माफी मागते तुमची."

त्यांनी हात जोडले.

गोष्टींमध्ये अशा वेळी बाई रडते आणि डॉक्टरच्या खांद्यावर डोकं ठेवते. मंदाताईनं तसलं काही केलं नाही. ती उभी राहिली. तिचा आवाज सबंध पॅसेजमध्ये गेला.

"चालत गेल्ते ते. पायऱ्या चढून गेल्ते. आन तुमी आता मला टेकाड सांगता व्हय? मला कशाला सांगितलं हे? नशीब म्हनून गप बसले हुते मी. तेवढं तरी ठिवायचं हुतं माझ्याजवळ. आता रोज त्यांना घास भरवताना मला त्यो डॉक्टर दिसनार. तुमी मोकळ्या झाल्या सांगून. मी काय करू?"

मॅडम हात जोडून तशाच बसून राहिल्या.

पुढचं सांगायला फार वेळ लागत नाही. मोठ्या सरांनी त्यांना काढलं नाही. ते कुणाला काढत नसत. त्यांनी पुण्याहून दुसरा भूलतज्ज्ञ बोलावला, आधी एक दिवस, मग दोन दिवस, मग रोज. मॅडमना फोन येईनासा झाला. एक दिवस त्या आल्या, कपाटातून आपला स्टेथोस्कोप, चष्म्याचं घर आणि एक स्वेटर काढला, आयसीयूतल्या प्रत्येक पलंगापाशी जाऊन कागद बघितले, एका सलाईनचा वेग माझ्याकडून बदलून घेतला आणि गेल्या. निरोप समारंभ झाला नाही. नवे डॉक्टर फार सौम्य आहेत. स्टाफ खूश आहे. गावातला तो डॉक्टर अजून पेशंट पाठवतो. आता तो जिभेखालचं औषध चिठ्ठीवर लिहीत नाही. देतो की नाही, ते नातेवाइकांना विचारूनच कळतं. मी विचारते. अजून कुणीकुणी "हो" म्हणतं.

मला लोक सांगतात, सिस्टर, सोडून द्या. चर्चमध्येही सांगतात, क्षमा करा. मी रविवारी गुडघे टेकते तेव्हा प्रयत्न करते. पण ज्यानं मागितलीच नाही, त्याला क्षमा नेमकी कुठल्या पत्त्यावर पाठवायची, हे मला कुणी सांगितलेलं नाही.

उन्हाळा सरत आला होता तेव्हा मंदाताई भाऊसाहेबांना घेऊन आमच्या हॉस्पिटलात आली. ते काठी टेकत होते, पाय फरफटत होता, पण चालत होते. शब्द थोडे थोडे परतले होते. ती थेट आयसीयूच्या दाराशी येऊन मला म्हणाली, "त्या जामखेडच्या बाई कुठं हायत?"

"त्या आता इथं नसतात, ताई. जामखेडला असतात."

"बोलवा त्यांना. मला त्यांच्याशी भांडायचंय."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. ती म्हणाली, "त्या दिशी माझं निम्मंच बोलून झालं. घरात कुनापाशी बोलू? सासू म्हनती करनी झाली. जाऊबाई म्हनती नशीब. डाक्टर म्हनतो वय झालं. ह्यांच्यापाशी तर बोलताच येत न्हाई. खरं काय झालं ते ठावं असलेली ती एकटीच हाय. मग तिच्याशीच भांडनार ना मी?"

मी फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं त्या म्हणतील, आज ऑपरेशन आहे, पुन्हा कधी तरी. त्या म्हणाल्या, "बसवून ठेव त्यांना. जेवायला घाल. निघते मी."

जामखेड ते सुपा काही जवळ नाही. मंदाताईनं फडक्यात बांधून आणलेली भाकरी सोडली, भाऊसाहेबांना डाव्या हातानं जेवायला शिकवलं होतं, ते सावकाश जेवले. ती बाकावर पाय वर घेऊन बसून राहिली. वाट बघण्याचा तिला कंटाळा आलेला दिसला नाही.

ऊन कलल्यावर मॅडमची गाडी आवारात शिरली. त्या हॉस्पिटलात पाऊल ठेवणार नव्हत्या, हे मला माहीत होतं. मी दोघांना बाहेर नेलं. कडुनिंबाखाली ड्रायव्हर लोक बसतात तो सिमेंटचा कट्टा आहे, तिथं ते तिघं बसले. मला आत पेशंट होते, मी परत आले.

आयसीयूच्या खिडकीची काच बंद असते. मला ऐकू काही येत नव्हतं. मंदाताई बोलत होती. हात उगारून, छातीवर आपटून, मध्येच रस्त्याकडे बोट दाखवून बोलत होती. मॅडम मान खाली घालून ऐकत होत्या. मध्ये बोलल्या नाहीत, हात पुढे केला नाही, चष्मासुद्धा सारखा केला नाही. पुष्कळ वेळ असंच चाललं. मग मंदाताई दमली असावी, ती थांबली. मॅडम काही तरी थोडंसं बोलल्या. मंदाताईनं मान हलवली, नाही म्हणून, आणि पुन्हा बोलायला लागली.

तेवढ्यात भाऊसाहेबांनी काठी कट्ट्याला टेकवली, डावा हात लांब केला आणि बायकोच्या डोक्यावरून घसरलेला पदर नीट करायचा प्रयत्न केला. ते त्यांना जमत नव्हतं. दोघी त्यांच्याकडे बघत राहिल्या, पण मदतीला कुणी हात पुढे केला नाही.